रोजचा एक रुपया : तलमडुगुच्या संघमचा इतिहास

मुदखेडहून निघालेली रेल्वे भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला पोचते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात ती तलमडुगु मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या तालुक्याच्या, शिवारातून जाते. काळी जमीन, मधूनच उघडे माळ, आणि दसऱ्यानंतर जिकडे बघावं तिकडे फुटलेला कापूस. इथे दोन राज्यांची हद्द आहे, पण ती फार जुनी नाही. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली, ते मुंबई राज्यात गेले, तलमडुगु आंध्र प्रदेशात गेलं आणि मराठी बोलणारी कितीतरी घरं त्या बाजूलाच राहिली. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. किनवटकडची लेक आजही तलमडुगुकडे नांदायला जाते. माहेरी आई बचत गटात असते, सासरी लेक संघमची, म्हणजे तिकडच्या बचत गटाची, सभासद होते.

या संघमचा इतिहास सांगताना सहसा सुरुवात एखाद्या सरकारी योजनेच्या घोषणेपासून होते. माझ्या मते ती कर्जापासून व्हायला हवी. बायकांनी बचत का सुरू केली, हे त्यांच्या घरात आधी कसलं कर्ज होतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेलंगणात धान्याच्या सावकारीला नागू म्हणतात. पेरणीच्या वेळी पोतंभर धान्य उचलायचं आणि सुगीला दीड पोतं, कुठे कुठे दोन पोती परत करायची. मराठवाड्यात हाच व्यवहार सवाई आणि दिढी या नावांनी चालत असे. १९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने आदिलाबादच्या गोंडांची स्थिती अभ्यासण्याचं काम मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिलं. आदिवासींच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा गेल्या आणि त्यात कर्जाचा वाटा किती होता, याची नोंद त्यांच्या लिखाणात आहे. आदिवासींवर हे संकट सगळ्यात भयंकर कोसळलं, पण कर्जाच्या फेऱ्यातून मराठी कुणबी सुटला नाही, तेलुगू शेतकरी सुटला नाही आणि तांड्यावरचा लंबाडाही सुटला नाही.

पुढे धान्यापेक्षा कापूस वाढला आणि पोत्याची जागा रोख रकमेने घेतली. गाठ मात्र तीच राहिली. कापसाचा पैसा वर्षातून एकदा, दिवाळी ते संक्रांतीच्या सुमारास हाती येतो. खर्च सुरू होतो जूनमध्ये. आधी बी, मग खत, मग निंदणाची मजुरी, मग फवारणी. याच पावसाळ्यात पोरांच्या शाळा उघडतात आणि तापाची साथही याच दिवसांत येते. बी-खत उधारीवर देणारा व्यापारीच पुढे कापूस घेतो. उधारीवर व्याज त्याचं, कापसाला भावही त्याचाच. शेकडा तीन ते पाच रुपये महिना हा गावातला नेहमीचा दर. दहा हजार रुपये पाच रुपये शेकड्याने घेतले तर वर्षाला सहा हजार नुसतं व्याज होतं. हा हिशेब तोंडपाठ नसलेली बाई या पट्ट्यात सापडणार नाही.

आणि यातलं काहीच तिच्या नावावर नव्हतं. जमिनीचा पट्टा नवऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, अंगठाही त्याचाच. गहाण मात्र पडायचं ते तिच्या अंगावरचं. निंदण तिने करायचं, वेचणी तिने करायची आणि पट्टी झाली की पैसे तिच्या हातावर न येताच फिटायचे.

ही गाठ सैल करणारी पहिली ओढ आदिलाबादपासून खूप लांब, नेल्लोर जिल्ह्यातून आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती. रात्रीच्या वर्गात बायका अक्षरं गिरवत होत्या आणि त्यांच्या वाचनपुस्तकात गावातलं सारायीचं, म्हणजे देशी दारूचं, दुकान बंद पाडणाऱ्या बायकांचा धडा होता. दुबागुंटा गावच्या बायकांनी १९९२ मध्ये तो धडा प्रत्यक्षात आणला. त्यांच्या पुढारी वर्धिनेनी रोसम्मा यांचं नाव तेव्हापासून आंध्रात घरोघरी पोचलं. सारायीच्या ठेक्यांचे लिलाव बायकांनी होऊ दिले नाहीत. १९९३ मध्ये आधी नेल्लोरमध्ये आणि मग १ ऑक्टोबरपासून सगळ्या राज्यात सारायीवर बंदी आली. १९९५ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी लागू केली.

दारूबंदी टिकली नाही. तिजोरीचं कारण देऊन १९९७ मध्ये ती उठवली गेली. तेलंगणाच्या खेड्यांतल्या बेल्ट शॉपमध्ये, म्हणजे परवाना नसलेल्या टपऱ्यांत, आज मिळणारी दारू पाहिली की बायकांनी जिंकलेली लढाई सरकारने किती सहज परत देऊन टाकली, याचा राग येतो. पण त्या लढ्यातून उगवलेली एक गोष्ट सरकारलाही उखडता आली नाही. सारायीचे वाचलेले पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न नेल्लोरच्या बायकांपुढे आला आणि त्यातून ‘पोदुपु लक्ष्मी’ उभी राहिली. पोदुपु म्हणजे बचत. प्रत्येकीने रोज एक रुपया बाजूला काढायचा. महिन्याला तीस रुपये. बारा जणींच्या गटाचे महिन्याला ३६०, वर्षाला ४,३२०. त्या काळी शेतमजूर बाईची रोजची मजुरी लक्षात घेतली तर ही रक्कम लहान नव्हती.

बायकांचे गट त्याआधीही होते. १९८२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण महिलांसाठी ‘ड्वाक्रा’ योजना आणली होती आणि आंध्र-तेलंगणात आजही वयस्क बायका संघमला ड्वाक्राच म्हणतात. त्या गटांची पद्धत उलटी होती. आधी सरकारचा निधी, मग गट. निधी संपला की गटही संपायचा. कर्नाटकात मायराडा या संस्थेने १९८० च्या दशकात दुसरा रस्ता धरला. गट आधी, त्याची स्वतःची बचत आधी, आपसात कर्जवाटप आधी आणि बँक सगळ्यात शेवटी. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांवर हा प्रयोग देशभरात करून पाहायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खातं उघडता येईल अशी मुभा दिली. तारण नाही, सातबारा नाही, नवऱ्याची सही नाही. बँकेने बघायचं ते इतकंच, की या बायका दर महिन्याला पैसे टाकतात का आणि एकमेकींना दिलेलं कर्ज परत येतं का. देशाच्या बँक व्यवहारात इतका मोठा बदल इतक्या कमी गाजावाजात क्वचितच झाला असेल.

आदिलाबादची या कथेतली पाळी २००० साली आली. जागतिक बँकेच्या कर्जातून आंध्र प्रदेश सरकारने जिल्हा गरिबी निर्मूलन प्रकल्प सुरू केला, तो श्रीकाकुळम, विजयनगरम, चित्तूर, अनंतपूर, महबूबनगर आणि आदिलाबाद या सहा जिल्ह्यांत. लोकांत त्याचं नाव ‘वेलुगु’ होतं, म्हणजे उजेड. त्यासाठी ‘सर्प’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पुढे याच कामाला ‘इंदिरा क्रांती पथम’ नाव मिळालं आणि मंडलातल्या लोकांच्या तोंडी ‘आयकेपी’ हा शब्द कायमचा बसला.

वेलुगुची जमेची बाजू म्हणजे त्याने सुटा संघम सुटा ठेवला नाही. दहा-पंधरा जणींचा संघम, गावातल्या सगळ्या संघमांची मिळून ग्रामसंघटना, तलमडुगुसारख्या प्रत्येक मंडलाची मंडल महिला समाख्या आणि वर जिल्हा समाख्या. प्रकल्पाचा निधी खात्याच्या अधिकाऱ्याकडून न वाटता समाख्येच्या खात्यात जमा व्हायचा आणि तिथून ग्रामसंघटनेला कर्ज म्हणून जायचा. कोणाला, कशासाठी, किती, हे गावातल्या बायकांनी बसून ठरवायचं. वर्षानुवर्षं ज्या बाईला तहसील कचेरीत दाराशी उभं केलं जायचं, ती आता मंडलाच्या गावी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसून चेकवर सही करू लागली. बँकाही जवळ आल्या. आदिलाबादला मुख्यालय असलेली श्री सरस्वती ग्रामीण बँक २००६ मध्ये इतर तीन ग्रामीण बँकांबरोबर विलीन होऊन डेक्कन ग्रामीण बँक झाली आणि राज्य वेगळं झाल्यावर तिचं नाव तेलंगणा ग्रामीण बँक झालं. या बँकेच्या शाखांत संघमच्या बायकांची रांग हे रोजचं दृश्य आहे.

पण कार्यालय आणि बँक यांपेक्षा बैठक जवळून पाहायला हवी, कारण सगळा जीव तिथे आहे. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात बायका गोल बसतात. गोलच बसायचं, म्हणजे कोणी पुढे नाही आणि कोणी मागे नाही. हजेरी होते, उशिरा आलेलीला दंड होतो. मग बचतीचे पैसे मध्ये ठेवले जातात आणि सगळ्यांच्या देखत मोजले जातात. मागच्या कर्जाचे हप्ते येतात. त्यानंतर खरा कसोटीचा भाग. जमलेल्या पैशातून या खेपेला कोणाला द्यायचं? एकीला सरकी घ्यायची आहे, एकीच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, एकीच्या मुलाची फी भरायची आहे. तिघी मागतात आणि पैसे एकीपुरतेच असतात. इथे आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात, आणि शेवटी बाळंतपणाला पहिला मान मिळतो. दर ठरलेला, एक किंवा दोन रुपये शेकडा. तो सावकाराच्या दराहून खूप कमी असतो, आणि शिवाय ते व्याज संघमच्याच पेटीत पडतं. सगळं वहीत चढतं आणि उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलं जातं. न लिहिता येणाऱ्या बायका ऐकून हिशेब पक्का लक्षात ठेवतात. एक रुपया चुकला तरी वाचणारीला तिथेच थांबवतात.

नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेल्या वह्या. याला पंचसूत्र म्हणतात. महाराष्ट्रात ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने त्यात आणखी पाच घालून दशसूत्री केली. वही लिहिणारी पोरगी बहुतेक वेळा गावातलीच, दहावी-बारावी झालेली. सीमेवरच्या गावांत तिचं काम जास्त अवघड. ओसरीवरचं बोलणं मराठीत किंवा गोंडीत, मंडलाला पाठवायचा तक्ता तेलुगूत आणि बँकेचा कागद इंग्रजीत. हे सगळं पेलणाऱ्या या मुलींचं नाव कुठल्याही अहवालात येत नाही, पण संघम टिकला तो त्यांच्यामुळे.

आदिलाबादमध्ये संघम वाढले त्या वर्षांतच कापसाच्या शेतीत मोठी उलथापालथ चालू होती. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. घरची सरकी राखून पेरायचे दिवस तर संकरित वाणांनीच संपवले होते. आता ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे-अठराशे रुपये मोजावे लागू लागले. आंध्र सरकार बीटी बियाण्याच्या कंपनीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि २००६ मध्ये पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. मधल्या वर्षांत जूनमधली रोख पैशाची गरज एकदम फुगली होती आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा या सगळ्या कापूस पट्ट्यातून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. संघमच्या दहा-पंधरा हजारांच्या कर्जाने या संकटावर उपाय झाला असं म्हणणं खोटं ठरेल. शेती तोट्यात असेल तर स्वस्त कर्जही बुडवतंच. पण जून महिन्यात व्यापाऱ्याकडे न जाता बी आणता आलं, म्हणजे डिसेंबरात कापूस कोणाला घालायचा हे ठरवायची मोकळीक घरात आली. ती मोकळीक बायकांच्या बचतीने मिळवून दिली.

२००४ मध्ये राज्य सरकारने ‘पावला वड्डी’ जाहीर केली. पावला म्हणजे पावली, चार आणे. शेकडा चार आणे महिना, वर्षाला तीन टक्के. बँक आपल्या नेहमीच्या दराने व्याज घेणार आणि हप्ते वेळेवर भरणाऱ्या संघमला वरचा फरक सरकार परत करणार. ज्या दहा हजारांना सावकाराकडे वर्षाला सहा हजार व्याज पडायचं, त्यांना इथे तीनशे. २०१२ पासून वेळेवर फेडणाऱ्यांना कर्ज पूर्ण बिनव्याजी झालं.

मग ज्यांच्याकडे बचतीची अट नव्हती असे लोक याच ओसरीवर आले. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांनी पाहिलं की बायका फेडतात. संघम बांधायला दहा वर्षं लागली होती. कंपन्यांनी पाच जणींना एकत्र बसवून दुसऱ्या आठवड्यात कर्ज द्यायला सुरुवात केली. बचत नाही, आपसात चर्चा नाही, फक्त दर आठवड्याचा हप्ता आणि एकीने चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. कृष्णा जिल्ह्यात २००६ मध्येच पहिला भडका उडाला आणि कंपन्यांच्या काही शाखांना टाळं लागलं. तरी धंदा वाढतच गेला. एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं झाली. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. २०१० च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एसकेएस कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्यांवर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या. त्याच वर्षी आंध्रच्या खेड्यांतून वसुलीच्या छळाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून या कंपन्यांच्या वसुलीवर कडक निर्बंध घातले आणि राज्यातली वसुली जवळजवळ ठप्प झाली.

या प्रकरणाकडे कंपन्या विरुद्ध सरकार असं पाहिलं जातं. मला त्यात संघमच्या बायकांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ओसरी तीच, बायका त्याच, गोल बसणंही तेच. फरक एवढाच होता की एका ठिकाणी पैसा आधी त्यांचा स्वतःचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी आधीच दुसऱ्याचा. आपल्या बचतीतून आपण एकमेकींना देतो तेव्हा ‘तुला एवढं झेपणार नाही’ हे तोंडावर सांगणारी मैत्रीण असते. कंपनीच्या माणसाला तसं सांगून काही मिळवायचं नव्हतं.

सरकारनेही त्यातून एक धडा घेतला. गरज अचानक येते आणि बँक महिनाभर लावते, त्या फटीतून कंपन्या आत आल्या होत्या. म्हणून २०११ मध्ये समाख्यांचं भागभांडवल घेऊन ‘स्त्री निधी’ ही पतसंस्था स्थापन झाली. मागणी केल्यापासून दोन दिवसांत पैसे संघमच्या खात्यात जमा करायचे, हा तिचा शब्द होता. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू केलं, ते मुख्यतः आंध्रच्या अनुभवावर बेतलेलं होतं. आंध्रातल्या संघमच्या बायका बिहार, राजस्थान, महाराष्ट्र अशा राज्यांत गेल्या आणि परक्या गावांत पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करून तिथल्या बायकांचे गट बांधू लागल्या. महाराष्ट्रात पुढे हेच काम करणाऱ्या आपल्या बायकांना ‘वर्धिनी’ म्हणू लागले.

याचा अर्थ महाराष्ट्रात आधी काही नव्हतं असा कोणी घेऊ नये. महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे माविमची, स्थापना १९७५ ची. राजगुरुनगरच्या ‘चैतन्य’ने १९९० च्या दशकात गटांचे संघ बांधले आणि म्हसवडच्या बायकांनी १९९७ मध्ये स्वतःची माणदेशी सहकारी बँक उभी केली. दोन्ही राज्यांनी एकमेकांकडून घेतलं आहे, आणि किनवट-तलमडुगुच्या शिवेवर तर ही देवाणघेवाण माहेर-सासरच्या वाटेने कायमच चालू होती.

२०१४ मध्ये तेलंगणा वेगळा झाला. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आज राज्यात ग्रामीण संघमांची संख्या चार लाखांच्या पुढे आहे. ग्रामसंघटनांची धान्य खरेदी केंद्रं आहेत आणि त्यांना त्यावर कमिशन मिळतं. अलीकडे सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई संघमकडे आली आहे आणि मंडल समाख्यांनी बस विकत घेऊन परिवहन महामंडळाला भाड्याने दिल्या आहेत. उटनूरच्या आदिवासी बायकांच्या सहकारी संघाचे मोहाच्या फुलांचे लाडू जिल्ह्याबाहेर पोचले आहेत.

दुखणीही आहेत, आणि ती झाकून चालणार नाहीत. बिनव्याजी कर्जाचा परतावा सरकारकडून वर्षानुवर्षं थकतो आणि बाई आधी पूर्ण व्याज भरून बसते. कर्ज तिच्या नावावर निघून नवऱ्याच्या हातात जाण्याचे प्रकार संपलेले नाहीत. हंगामी मजुरीला बाहेर जाणाऱ्या घरातली बाई आणि कोलाम पाड्यावरची बाई दर महिन्याच्या बैठकीला येऊ शकत नाही, म्हणून सगळ्यात गरीब तीच पहिली गळते. कर्जाची उद्दिष्टं वरून येऊ लागली आहेत, रकमा लाखांत गेल्या आहेत आणि घाईत बैठक राहून नुसत्या सह्या होतात. बैठक नसलेला संघम आणि २०१० ची ती कर्जाची टोळकी यांत फार अंतर उरत नाही. बँकांनी आणि अधिकाऱ्यांनी कर्जाचा आकडा विचारण्याआधी गेल्या वर्षात बैठका किती झाल्या हे विचारावं. प्रगतीचं माप तेच असायला हवं.

जाता जाता वाचकांना एक विनंती. संघमचे आणि बचत गटांचे हिशेब आता मोबाइलवर आणि संगणकावर चढत आहेत, ते चांगलंच आहे. पण पहिल्या वीस वर्षांच्या हाताने लिहिलेल्या वह्या गावोगाव पेट्यांत, माळ्यावर पडून आहेत आणि रद्दीत चालल्या आहेत. कोणत्या साली कोणत्या बाईने किती पैसे कशासाठी घेतले आणि कधी फेडले, हे खेड्यातल्या बायकांनी स्वतः नोंदवलेलं त्यांच्या घरांचं अर्थशास्त्र आहे. असा ऐवज सरकारी दफ्तरात कुठेही मिळणार नाही. किनवट, आदिलाबाद, तलमडुगु, कुठेही तुमच्या घरात किंवा गावात अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. गावच्या शाळेत, ग्रंथालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, संघमच्या बायकांना विचारून आणि त्यांच्या संमतीने, ती जपून ठेवा.